बरोबरीच्या नात्याने : ‘ओ पेअर’ प्रथेचा इतिहास

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या दिवसाला दोन नाजूक टोके असतात. सकाळी उठवून, न्हाऊमाखू घालून, डबा भरून त्यांना शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचविणे हे एक टोक. आणि शाळा सुटल्यापासून आईवडील कामावरून परतेपर्यंतचे तीन-चार तास हे दुसरे. पूर्वी ही दोन्ही टोके घरातील वडीलधारी माणसे सांभाळीत. आजी ओटीवर बसलेली असे, काकू स्वयंपाकघरात असे, शेजारची मावशी हाकेच्या अंतरावर असे. घरे लहान झाली, नोकऱ्या दूर गेल्या, आणि ही दोन टोके उघडी पडली. मग घरात राहून मुलांकडे पाहील अशा मुलीचा शोध सुरू होतो. ‘फादर, कुणी चांगली, विश्वासू मुलगी आहे का तुमच्या पाहण्यात?’ हा प्रश्न कोणत्याही धर्मगुरूला नवा नाही. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांच्या बोलण्यात याच संदर्भात एक शब्द वारंवार येऊ लागला आहे. तो शब्द म्हणजे ‘ओ पेअर’.

हा शब्द ऐकला की अनेकांना वाटते, परदेशातल्या मोलकरणीचे हे एक सभ्य नाव असावे. वस्तुतः त्याचा मूळ अर्थ अगदी उलट आहे. तो अर्थ कसा जन्मला, कुणी जपला, कोठे झिजला, आणि जो तो शब्द वापरतो त्याच्यावर त्यामुळे कोणती जबाबदारी येते, याचा मागोवा घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

शब्दाचा जन्म

‘ओ पेअर’ हा फ्रेंच शब्दप्रयोग आहे. त्याचा अर्थ ‘बरोबरीने’, ‘समान पायावर’. पैशाची देवघेव न करता एकाने दुसऱ्याला सेवा द्यावी आणि त्या बदल्यात निवास, भोजन व शिक्षण घ्यावे, असा तो व्यवहार. इंग्रजीत हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागला. १८९७ साली मुलींसाठी निघणाऱ्या एका इंग्रजी नियतकालिकाने वाचकांना त्याचा अर्थ समजावून सांगितला होता. इंग्लंडमधील तरुणीने फ्रान्स, जर्मनी किंवा स्वित्झर्लंडमधील शाळेत जावे, तेथे आपली भाषा शिकवावी आणि मोबदल्यात तेथील वर्गांत विनाशुल्क बसावे, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे प्रारंभीची ओ पेअर ही एका अर्थी शिक्षिकाच होती. तिच्या हाती केरसुणी नव्हती, पुस्तक होते.

याच्या शेजारीच दुसरी एक प्रथा नांदत होती. स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषिक भागातील मुली शाळा संपली की एक वर्ष फ्रेंचभाषिक भागात जात. तेथील एखाद्या कुटुंबात राहायचे, घरकामाला व मुले सांभाळण्याला हातभार लावायचा, आणि फ्रेंच शिकून घरी परतायचे, असा तो परिपाठ. जर्मन भाषेत अशा मुलीला ‘हाउसटोख्टर’ म्हणत. त्याचा शब्दशः अर्थ ‘घरची लेक’. तिने घरच्या मंडळींबरोबर एकाच मेजावर जेवावे, पाहुण्यांना तिची ओळख करून द्यावी, तिला मोलकरणीच्या रांगेत बसवू नये, असा संकेत होता.

पुढे या दोन प्रवाहांचा संगम झाला. पहिल्याकडून ‘बरोबरी’ आली, दुसऱ्याकडून ‘घरपण’ आले. आजची ओ पेअर या संगमातून जन्मली. तिच्या इतिहासातील सारा ताणही याच दोन शब्दांमध्ये आहे. कारण घरपण देण्याच्या नावाखाली बरोबरी हिरावून घेणे फार सोपे असते.

फलाटावरील पहारा

तरुण मुलीने एकटीने परक्या गावी, परक्या घरात जाऊन राहणे ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात आजच्याइतकी सरळ नव्हती. रेल्वेने युरोपची शहरे जोडली आणि खेड्यापाड्यांतून कामाच्या शोधात मुली शहरांकडे निघाल्या. त्यांच्या वाटेवर दलाल उभे असत. चांगल्या घरात काम देतो असे सांगून मुलींना वेश्यागृहात लोटणाऱ्या टोळ्या त्या काळी अनेक देशांत पसरल्या होत्या. जोसेफीन बटलर या इंग्लिश समाजसुधारक स्त्रीने या अमानुषतेविरुद्ध आवाज उठविला. १८७७ साली जिनिव्हा येथे तिच्या चळवळीची परिषद भरली आणि त्याच वेळी ‘तरुण मुलींच्या मैत्रिणी’ या अर्थाच्या नावाची आंतरराष्ट्रीय प्रॉटेस्टंट संघटना स्थापन झाली. विश्वासाची घरे शोधणे, मुलींसाठी वसतिगृहे चालविणे, कामावर पाठविण्यापूर्वी त्या घराची चौकशी करणे ही तिची कामे होती.

कॅथॉलिक स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर येथे तरुण मुलींच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय कॅथॉलिक संघटना उभी राहिली. जर्मनीत १८९४ साली बर्लिन येथे प्रॉटेस्टंट मंडळींनी पहिले ‘रेल्वे स्थानक मिशन’ सुरू केले. १८९७ साली म्युनिक येथे एलन अमान या कॅथॉलिक महिलेच्या पुढाकाराने तेथील स्थानकावर तसेच काम सुरू झाले. गाडी येण्याच्या वेळी स्वयंसेविका फलाटावर उभ्या राहत. गाठोडे सावरीत, बावरलेल्या नजरेने उतरणाऱ्या मुलीला त्या हेरीत. तिचा पत्ता पाहत, तो खरा आहे का याची खात्री करीत, रात्र झाली असेल तर तिच्या मुक्कामाची सोय लावीत.

आमच्या मते ओ पेअर प्रथेच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. मुलगी आणि यजमान कुटुंब या दोघांच्या पलीकडे, दोघांनाही ओळखणारा आणि दोघांनाही प्रश्न विचारू शकणारा तिसरा कोणी तरी असला पाहिजे, हे त्या स्त्रियांनी ओळखले होते. पुढे हेच काम वाढत जाऊन ओ पेअर मुली आणि कुटुंबे यांची गाठ घालून देण्यापर्यंत आले. जर्मनीतील ‘इन व्हिया’ ही कॅथॉलिक संघटना मूळच्या त्या संरक्षण संघाचीच वारस. लॅटिनमध्ये तिच्या नावाचा अर्थ ‘वाटेवर’ असा होतो. तिने दीर्घकाळ हे जुळवणीचे कामही केले.

शाळेच्या घंटेवर बेतलेली व्यवस्था

पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातील मध्यमवर्गीय घरांत नोकरांचा राबता असे. इंग्लंडमध्ये अगदी १९३१ सालापर्यंत दहा लाखांहून अधिक स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या. दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र पालटून टाकले. कारखाने, कचेऱ्या, दुकाने, रुग्णालये यांनी तरुणींना अधिक पगार आणि मोकळी संध्याकाळ देऊ केली. दुसऱ्याच्या घरी रात्रंदिवस राहून काम करण्यास कोणी तयार होईना. दुसरीकडे शहरांतील मातांना मदतीची गरज तर होतीच. त्याच सुमारास स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्कँडिनेव्हियातील तरुणींना इंग्रजी व फ्रेंच शिकण्याची ओढ लागली होती. या दोन गरजा एकत्र आल्या आणि १९५० नंतर ओ पेअर प्रथा झपाट्याने पसरली.

कुटुंबे आपली ओ पेअर कशी शोधीत? काही जण धर्मसंस्थांच्या वसतिगृहांकडे किंवा आपल्या धर्मगुरूंकडे विचारणा करीत, काही जण ओळखीच्या घरी राहून गेलेल्या मुलीच्या धाकट्या बहिणीला बोलावीत. इंग्लंडमध्ये १८८५ साली सुरू झालेल्या ‘द लेडी’ या नियतकालिकातील छोट्या जाहिराती याच कामासाठी प्रसिद्ध होत्या. पुढे जुळवणी करणाऱ्या व्यावसायिक संस्था निघाल्या. छायाचित्र, धर्मगुरूंचे किंवा शिक्षिकेचे शिफारसपत्र आणि वैद्यकीय दाखला अशी कागदपत्रे टपालाने येत. त्या तुटपुंज्या माहितीवर दोन अनोळखी माणसे वर्षभर एका छपराखाली राहण्याचा निर्णय घेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही व्यवस्था शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरालाच खरी शोभून दिसली, आणि हा काही योगायोग नव्हता. मुले सकाळी शाळेत गेली की घर रिकामे होते. तेवढ्या वेळात ओ पेअर आपल्या भाषेच्या वर्गाला जाऊ शकते. दुपारी ती मुलांना शाळेतून आणते, त्यांना खाऊ घालते, अभ्यासाला बसविते, खेळायला नेते. आईवडील परतले की तिचे काम संपते. मुले आणि ती, दोघेही विद्यार्थी; दोघांचाही दिवस शाळेच्या घंटेवर चालतो. सात-आठ वर्षांचे मूल तिची भाषा सुधारते, ती त्याचे गणित तपासते. बरोबरी या शब्दाला येथे खराखुरा अर्थ असतो. याउलट घरात तान्हे मूल असले की काम दिवसभर चालते, रात्रीही संपत नाही. वर्ग बुडतो. हळूहळू विद्यार्थिनी नाहीशी होते आणि उरते ती केवळ कमी पैशांत मिळालेली दाई.

स्ट्रासबर्गचा करार

प्रथा पसरली तशा तक्रारीही वाढल्या. कोठे मुलीला पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबविले जाई, कोठे स्वतंत्र खोली मिळत नसे, कोठे आजारपणात तिला वाऱ्यावर सोडले जाई. तेव्हा युरोपीय राष्ट्रांच्या परिषदेने हा प्रश्न हाती घेतला आणि २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे ओ पेअरविषयीचा युरोपीय करार स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला. १९७१ साली तो अमलात आला.

हा करार वाचताना त्याच्या कर्त्यांनी घरातील जीवन किती बारकाईने पाहिले होते याची प्रचिती येते. ओ पेअर ही केवळ विद्यार्थिनी नव्हे आणि केवळ कामगारही नव्हे. दोहोंची लक्षणे असलेला हा वेगळाच वर्ग आहे, अशी भूमिका त्यात घेतलेली आहे. तिचे वय साधारणतः १७ ते ३० असावे. मुक्काम प्रारंभी एका वर्षापेक्षा अधिक नसावा, वाढवून दोन वर्षांपर्यंत नेता यावा. दोन्ही बाजूंचे हक्क व कर्तव्ये लेखी असावीत, आणि हा लेख शक्यतो मुलगी आपला देश सोडण्यापूर्वीच तयार व्हावा. तिला निवास व भोजन द्यावे, शक्य तेथे स्वतंत्र खोली द्यावी. भाषेच्या वर्गाला जाण्यास पुरेसा वेळ द्यावा. काम रोजच्या घरगुती स्वरूपाचे असावे आणि ते सर्वसाधारणपणे दिवसाला पाच तासांहून अधिक नसावे. ठरलेला हातखर्च द्यावा. आजारपण व अपघात यांसाठी विम्याचे संरक्षण असावे. कोणत्याही बाजूला दोन आठवड्यांची सूचना देऊन करार संपविता यावा.

आणखी एक कलम आहे, ज्याकडे आमच्या वाचकांचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधू इच्छितो. आठवड्यातून किमान एक पूर्ण दिवस सुट्टीचा असावा, महिन्यातून निदान एकदा तो दिवस रविवार असावा, आणि तिला आपल्या धर्माच्या उपासनेत भाग घेण्याची पूर्ण मोकळीक असावी, असे हा करार सांगतो. रविवारच्या मिस्सेला जाण्याचा हक्क परराष्ट्रातील एका परक्या घरात राहणाऱ्या मुलीला कायद्याच्या भाषेत मिळाला. ज्याला प्रार्थनेसाठी घराबाहेर पडता येते त्याला बाहेरची चार माणसे भेटतात, आणि ज्याला चार माणसे भेटतात त्याच्यावर अन्याय करणे अवघड होते. हेही या कलमामागचे व्यावहारिक शहाणपण आहे.

दुर्दैव असे, की मोजक्याच राष्ट्रांनी या कराराला अंतिम मान्यता दिली. नॉर्वे, डेन्मार्क, फ्रान्स, इटली, स्पेन ही त्यांतील प्रमुख. इतर देशांनी आपापले नियम केले. ब्रिटनच्या जुन्या नियमांनुसार ओ पेअरचे वय १७ ते २७ आणि काम आठवड्याला २५ तासांपर्यंत असे. २००८ साली ब्रिटनने परकीय ओ पेअरसाठी असलेला हा खास प्रवेशमार्गच बंद केला.

शब्द झिजत गेला

अमेरिकेत ही प्रथा उशिरा, म्हणजे १९८६ साली, सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या सरकारी कार्यक्रमाखाली सुरू झाली. परंतु अमेरिकेची गरज वेगळी होती. आईवडील दोघेही पूर्ण वेळ नोकरीवर आणि पाळणाघरे महाग. त्यामुळे तेथे आठवड्याला ४५ तासांपर्यंत काम मान्य झाले. युरोपातील पाच तासांचा दिवस तेथे दहा तासांपर्यंत ताणला गेला. नाव तेच राहिले, आशय बदलला.

याची भीषण बाजू १९९७ साली जगापुढे आली. बॉस्टनजवळील एका घरातील आठ महिन्यांच्या बाळाचा मृत्यू झाला आणि त्याला सांभाळणाऱ्या १९ वर्षांच्या ब्रिटिश ओ पेअरवर खटला चालला. ज्यूरीने तिला खुनासाठी दोषी धरले. न्यायाधीशांनी तो गुन्हा सदोष मनुष्यवधाचा ठरवून तिने तोवर तुरुंगात काढलेल्या दिवसांपुरतीच शिक्षा दिली. वैद्यकीय पुराव्यावर पुढे बराच वाद झाला. त्यात आम्हांस शिरावयाचे नाही. पण भाषा शिकण्यासाठी किंवा जग पाहण्यासाठी आलेल्या कोवळ्या मुलीवर तान्ह्या जीवाची दिवसभराची जबाबदारी टाकावी काय, हा प्रश्न तेव्हा घराघरांत विचारला गेला. त्या सुमारास अमेरिकी नियम कडक झाले. तीन महिन्यांखालील बाळाबरोबर ओ पेअरला एकटीला ठेवण्यास मनाई झाली, आणि दोन वर्षांखालील मूल सांभाळण्यासाठी आधीचा २०० तासांचा अनुभव आवश्यक ठरला. २००१ साली केवळ शाळेत जाणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी वेगळी योजना निघाली. तीत काम आठवड्याला ३० तासांपर्यंतच आणि शिक्षण मात्र नेहमीच्या दुप्पट. एका मोठ्या वळणानंतर ही व्यवस्था पुन्हा शाळेच्या घंटेपाशी आली, असे म्हणावयास हरकत नाही.

पैशाचा प्रश्न मात्र सुटला नाही. अमेरिकेत २००९ साली आठवड्याचा किमान हातखर्च १९५.७५ डॉलर ठरला. ४५ तासांचे किमान वेतन काढून त्यातून निवास-भोजनाचे ४० टक्के वजा करून हा आकडा आला होता. जुळवणी करणाऱ्या संस्थांनी संगनमत करून हातखर्च याच पातळीवर रोखून धरला, असा दावा माजी ओ पेअर मुलींनी न्यायालयात केला. २०१९ साली १५ संस्थांनी दोष कबूल न करता ६ कोटी ५५ लाख डॉलरवर तडजोड केली.

फिलिपिन्स या कॅथॉलिक देशाची कथा आणखी बोलकी आहे. तेथील हजारो तरुणी ओ पेअर म्हणून उत्तर युरोपात गेल्या. त्यांपैकी अनेकींना भाषा शिकण्यापेक्षा घरी पैसे पाठविण्याची निकड होती आणि यजमानांनाही ते ठाऊक होते. अतिश्रम व छळाच्या तक्रारी आल्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस फिलिपिन्स सरकारने आपल्या मुलींना युरोपात ओ पेअर म्हणून जाण्यास बंदी घातली. २०१० साली काही देशांपुरती आणि २०१२ साली सर्व युरोपापुरती ती उठविली. नॉर्वेने तर मार्च २०२४ मध्ये युरोपबाहेरील मुलींसाठी ही योजनाच बंद केली. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या नावाने स्वस्त घरकाम चालते, हे त्यामागचे कारण होते. ज्या देशाने १९६९ चा करार मान्य केला होता त्याच देशावर ही वेळ आली, हे विसरता येत नाही.

‘घरच्यासारखी’ या शब्दाचा न्यायनिवाडा

ब्रिटनमधील एक घटना आपणा भारतीयांना अधिक जवळची आहे. तेथील किमान वेतनाच्या कायद्यात एक सूट होती. घरात राहून काम करणाऱ्या व्यक्तीला कुटुंबातील माणसासारखे वागविले जात असेल, ती त्यांच्याबरोबर जेवत असेल आणि त्यांच्या कामांत व करमणुकीत सहभागी होत असेल, तर तिला किमान वेतन देण्याचे बंधन नव्हते. ओ पेअर डोळ्यांसमोर ठेवूनच ही सूट राखली गेली होती. तिचा लाभ मात्र इतरांनीही उचलला. २०२० साली एका भारतीय घरकामगार महिलेच्या दाव्यात लंडनच्या रोजगार न्यायाधिकरणाने ही सूट स्त्रियांविरुद्ध अप्रत्यक्ष भेदभाव करणारी असल्याचा निर्णय दिला. अखेर १ एप्रिल २०२४ पासून ती सूट रद्द झाली.

‘ती आमच्या घरच्यासारखीच आहे’ हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! पुष्कळदा ते मनापासून असते. पण घरच्या लेकीला आपण सुट्टी नाकारत नाही, तिचे शिक्षण थांबवत नाही, तिच्या आजारपणाचा खर्च तिच्या पगारातून कापत नाही. जेथे हे सारे घडते तेथे ‘घरच्यासारखी’ हा शब्द हिशेब टाळण्याची सबब होतो.

आया आणि पगार

आपल्या भाषेतही एका शब्दाची अशीच झीज झाली आहे. ‘आया’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. पोर्तुगीज भाषेत ‘आया’ म्हणजे खानदानी घरातील मुलांचे संगोपन व शिक्षण पाहणारी स्त्री. तो मानाचा शब्द होता. १५३४ ते १७३९ या काळात वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. गोव्यात तर तो त्याहून कितीतरी दीर्घ. त्यांच्याकडून आपण बटाटा, पाव, चावी असे अनेक शब्द घेतले, तसा हाही. पुढे इंग्रज साहेबाच्या बंगल्यात तोच शब्द नोकराणीसाठी रूढ झाला.

इंग्रज कुटुंबे मायदेशी जाताना जहाजावर मुलांना सांभाळण्यासाठी आयांना बरोबर नेत. काही कुटुंबे लंडनला उतरल्यावर त्यांना परतीचे भाडे न देताच सोडून देत. अशा निराधार आयांसाठी लंडनच्या ऑल्डगेट भागात, आणि १९०० सालापासून हॅक्नी भागात, ‘आयांचे गृह’ चालत असे. नेक कुटुंब परतीचे तिकीट त्या गृहाकडे सोपवी आणि भारताकडे निघालेल्या दुसऱ्या एखाद्या कुटुंबाशी त्या आयेची गाठ घालून दिली जाई. २०२२ साली हॅक्नीतील त्या घरावर स्मृतिफलक लावण्यात आला. म्युनिकच्या फलाटावरील स्वयंसेविका आणि हॅक्नीचे ते गृह एकच गोष्ट सांगतात. दुसऱ्याच्या मुलांना माया लावणाऱ्या स्त्रीला, त्या घराचे दार बंद झाले तरी जाण्यास जागा असली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. ‘आया’प्रमाणेच ‘पगार’ हा शब्दही आपल्याला पोर्तुगीजांनीच दिला. दोन्ही शब्द एकाच वाटेने आले. एक घरात ठेवून दुसरा दाराबाहेर ठेवणे आपल्याला शोभणार नाही.

आजच्या शोधासाठी

हा इतिहास जाणून घेतल्यावर आजच्या कुटुंबाने काय करावे? परदेशी असलेल्या आपल्या बांधवांनी प्रथम त्या देशाचा नियम पाहावा. उदाहरणार्थ, जर्मनीत भारतातील तरुण-तरुणी ओ पेअर म्हणून जाऊ शकतात. तेथे वय १८ ते २६, काम आठवड्याला ३० तासांपर्यंत, महिन्याला २८० युरो हातखर्च आणि भाषेच्या वर्गाच्या खर्चात यजमानांचा वाटा, असे अलीकडचे नियम आहेत. जर्मन ही मातृभाषा नसलेल्या यजमान कुटुंबाला आपल्याच मूळ देशातील मुलगी मात्र ओ पेअर म्हणून बोलाविता येत नाही. तेव्हा तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाने गावाकडील नात्यातल्या मुलीला या नावाखाली नेण्याचा विचार करू नये. तो नियम उगाच केलेला नाही. मायबोलीत बोलणाऱ्या घरात ती नवी भाषा काय शिकणार?

निवड करताना मुलांची वये, शाळेच्या वेळा आणि ओ पेअरचे तास लिहून काढावेत, आणि तो कागद मुलीला येण्यापूर्वीच पाठवावा. पूर्वी आपल्या घरी राहून गेलेल्या मुलीशी तिला मोकळेपणी बोलू द्यावे. त्या बोलण्यात आपण मध्ये पडू नये. मुलांशीही तिची ओळख आधी व्हावी. तिची खोली कोणती, सुट्टीचा दिवस कोणता, आजारी पडल्यास खर्च कुणाचा, न जमल्यास परतीचे तिकीट कुणाकडे, आणि अडचणीत तिने घराबाहेर कोणाला फोन करावा, या पाच प्रश्नांची उत्तरे तयार नसतील तर शोध अजून पुरा झालेला नाही, असे समजावे.

आपल्या येथे ओ पेअर नाही. घरात राहून काम करणारी मुलगी मात्र आहे. तिच्यासाठी आजवर बरेच काम झाले आहे. १९८५ साली सिस्टर जीन देव्होस या बेल्जियन धर्मभगिनीने भारतातील घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली. १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यास आपल्या देशात बंदी आली. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. मालकाच्या घरी राहणाऱ्या व्यक्तीला आठवड्याला सलग २४ तास विश्रांती, आणि त्या विश्रांतीच्या वेळी घरातच थांबण्याची सक्ती नसणे, हे हक्क त्यात आहेत. फिलिपिन्सने तो २०१२ सालीच स्वीकारला. भारताने अद्याप त्याला अंतिम मान्यता दिलेली नाही. परंतु एखाद्या घराला ते नियम स्वतःहून पाळण्यास कोणाच्या मान्यतेची वाट पाहावी लागत नाही.

‘फादर, कुणी चांगली मुलगी आहे का?’ या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी आम्ही धर्मगुरूंनीही उलट प्रश्न विचारण्याची रीत पाडली पाहिजे. ती कोठे झोपेल? तिचा दिवस किती वाजता संपेल? ती काय शिकेल? आणि रविवारी मिस्सेला ती आपल्या कुटुंबाबरोबर आली, तर बाकावर कोठे बसेल? मुले हे सारे पाहत असतात. शाळेतून आणणाऱ्या ताईशी आपले आईवडील कसे वागतात, यावरूनच बरोबरी म्हणजे काय याचा पहिला पाठ ती गिरवितात. तो पाठ कोणत्याही भाषेच्या वर्गात शिकविला जात नाही.